कळवण्यासारखं काही?

माझे भाऊजी सिल्वान ब्रुमात, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, मिल्काचा नवरा, यांना गेल्या मे महिन्यात ‘सीमा न मानणाऱ्या तरुणाईचे आधारवड’ असं मानपत्र मिळालं. मी हसले नाही. सकाळपासून पाव आणि हॅम कापून हात भरून आले होते, आणि एकदा हसायला लागले असते तर थांबणं कठीण होतं.

आता हे आधारवड कोण, तर तेहेतीस वर्षं आमच्या गावच्या सीमेवर बसून लोकांच्या पिशव्या उपसणारे कस्टमचे अंमलदार. आमचं गाव म्हणजे एक रस्ता आणि चाळीस घरं. छत्तीस आधी युगोस्लावियात होती, मग स्लोव्हेनियात आली. रस्त्यावरच्या आडव्या दांड्यापलीकडची चार इटलीत. त्या चारांतल्या एका घरात माझी सख्खी आत्या राहायची. तिला अंडी नेऊन द्यायची तरी पास दाखवायचा. दांड्याशेजारी काचेची चौकी, आणि चौकीत इस्त्रीची टोपी घालून भाऊजी.

येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचा एकच सवाल. “कळवण्यासारखं काही?” पिशवीत काय आहे ते सरकारला कळवा, असा त्याचा अर्थ. सख्ख्या बायकोलाही सूट नव्हती. मिल्का एकदा आत्याकडून परत येत होती, तर रांगेतल्या सगळ्यांसमोर तिलाही तोच प्रश्न. ती म्हणाली, “आहे ना! आज स्वयंपाक झालेला नाही, एवढं कळवायचंय.”

बाकी सगळ्यांचं उत्तर ठरलेलं. काही नाही. मी स्वतः ऐन जुलैमध्ये एकावर एक तीन जीन्स चढवून, पोलक्यात दीड किलो कॉफी कोंबून, घामाने निथळत ‘काही नाही’ म्हटलेलं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमचं अख्खं गाव पटाईत. भाऊजींना सगळं दिसायचं. कधी सोडायचे, कधी धरायचे. तो त्यांचा मूड.

धरायचं कुणाला हे ओळखण्याची त्यांची एक खुबी होती. लग्न असो, मयत असो, दोन पेले पोटात गेले की ती बाहेर पडायचीच. “साविना, ऐक. ज्याच्याकडे काही नसतं ना, तो थांबतो. खिशात काय काय आहे ते मनातल्या मनात चाचपतो, आणि मग म्हणतो, काही नाही. पण ज्याच्याकडे असतं, तो माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणतो, काही नाही!”

“चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय,” मी म्हणायची. पन्नास वेळा ऐकलेल्या गोष्टीला एकावन्नाव्यांदा आणखी काय म्हणणार?

ऐंशीच्या सुमाराला एक नवीनच माल येऊ लागला. रेकॉर्डी. आमच्या पोरांना तेव्हा त्या पंक गाण्यांचं वेड लागलं होतं. गाणी कसली, पत्र्यावर खुर्च्या ओढाव्यात तसला आवाज! पण पोरं त्यासाठी जीव टाकायची. आमच्याकडे मिळायच्या नाहीत, म्हणून शनिवारी पलीकडे जायचं, रेकॉर्ड घ्यायची आणि स्वेटरच्या आत पाठीला लावून, छडी गिळल्यासारखं ताठ चालत यायचं. वाकता आलं नाही की भाऊजींना कळायचं. मुद्दाम पेन खाली टाकून ते म्हणायचे, “बाळा, जरा उचलून दे रे.”

जप्त केलेला माल शहरातल्या गोदामात पाठवायचा असा नियम होता. रेकॉर्डी मात्र भाऊजींनी पाठवल्या नाहीत. घरच्या तळघरात, जिथे आम्ही डुकराच्या मांड्या टांगायचो तिथे, लाकडी खोक्यांत रचून ठेवल्या. प्रत्येकीत चिठ्ठी: तारीख, मालकाचं नाव. मिल्का विचारायची, “करायचंय काय त्यांचं?” तर म्हणायचे, “परत देऊ, कधीतरी.” कागद आणि वस्तू फेकवत नसे त्या माणसाला. ऐकत मात्र कधी नव्हते. घरात वाजवायचं यंत्रच नव्हतं.

आता येल्काबद्दल सांगते. ते सांगताना माझा आवाज चढतो, चढू दे.

येल्का हुमार म्हणजे चार घरं सोडून राहणाऱ्या सुताराची मुलगी. सन ब्याऐंशीत सतरा वर्षांची होती, शहरातल्या अध्यापक विद्यालयात शिकत होती, आणि त्याच विद्यालयाच्या स्वयंपाकघरात मी कांदे सोलत होते. धाकटी बहीण नसल्याची हौस मी तिच्यावर भागवली. तिचे केस मी कापले, पाव कापायच्या सुरीने म्हटलं तरी लोक विश्वास ठेवतील असे. तिच्या कानात सेफ्टीपिन मीच टोचली, आधी बर्फाने पाळी बधिर करून. वर्गात जाताना ती केसांनी कान झाकायची. “सावी,” म्हणायची, “मी मास्तरीण झाले ना, की पोरांना पहिल्या तासाला हीच गाणी ऐकवणार.” मास्तरीण तर तिला व्हायचंच होतं. तिसरीतल्या पोरांवर सराव पाठ घ्यायची तेव्हा खिडकीबाहेर उभी राहून मी ऐकलंय. जात्याच मास्तरीण होती ती.

मार्चमधल्या एका शुक्रवारी तिने माझ्या कानात सांगितलं की उद्या रेकॉर्ड आणायला जातेय. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी पेन खाली टाकलं. रेकॉर्ड गेली. पण भाऊजी तिला म्हणाले, “मी काही लिहीत नाही. पळ घरी.” येल्का मला हे सांगताना रडत होती आणि वर म्हणत होती, “तुझे भाऊजी देवमाणूस हं, सावी.”

तीन आठवड्यांनी मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. समोर कागद होता. “तुमच्या वर्तनाबद्दल आम्हाला कळवण्यात आलं आहे.” कळवण्यात आलं आहे! वाक्य बघा कसं, करणारा कुठे नावालाही नाही. महिनाभरात येल्काचं नाव पटावरून गेलं. आणि रेकॉर्डबद्दल माहीत होतं कुणाला? देवमाणसाला आणि मला. देवमाणसाने तर काही लिहिलं नव्हतं.

ती माझ्याकडे आली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने बोलणं सोडलं. गावात ‘कळवी साविना’ हे नाव कुणी पाडलं देव जाणे, पण ते चिकटलं. येल्काने फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारलं, नंतर पलीकडे इटालियन म्हाताऱ्यांची आजारपणं काढली. मी एक्क्याण्णव साली चौकीसमोर कॉफीचं दुकान काढलं. रोज सकाळी ती दुकानावरून जायची आणि बरोब्बर माझ्या दारासमोर रस्ता ओलांडायची. मिल्काच्या मयताला आली तेव्हा सगळ्यांचे हात हातात घेतले तिने. माझ्यापाशी आल्यावर हातमोजे घातले. त्रेचाळीस वर्षं मी ते सोसलं, आणि सोसलं म्हणजे सवय झाली असं कुणी समजू नये.

मध्यंतरी सीमा गेली. दोन हजार सातच्या डिसेंबरात बँड लावून, सॉसेज भाजून दांडा कापला. भाऊजींनी टोपी आणि शिक्का घरी नेला, तळघरात ठेवला. त्यानंतर पहिले सहा महिने गावातली अर्धी माणसं रिकाम्या चौकीपाशी आली की गाडी हळू करायची आणि खिसा चाचपायची. मी तर अजून पलीकडे जाताना पोट आत घेते.

आणि मग मोठी झाली ती पोरं, ज्यांनी दांडा पाहिलाच नाही. माझ्या दुकानात येणारी त्याशा त्यातलीच. एका बाजूला झोपते, दुसऱ्या बाजूला जेवते, प्रियकर एलिया दांड्यापलीकडच्या तिसऱ्या घरातला. शिक्षण चार देशांत, आणि प्रत्येक देशातून एकेक मित्र उचलून आणलेला. आपापसात इंग्रजी बोलतात, प्रत्येकाचं वेगळंच. रिकामी चौकी त्यांनी ताब्यात घेतली, काळा रंग फासला, आत ढोल वाजवायला लागली. “आम्ही व्यवस्थेच्या विरोधात आहोत, मावशी,” असं त्याशा म्हणायची आणि ओटमिल्कची कॉफी मागायची. त्यांच्या विरोधाला विरोध करायला कुणीच येत नव्हतं, हे त्यांचं खरं दुःख. नगरपालिकेने तर उलट त्यांना वीज जोडून दिली.

महामारी आली आणि एका रात्रीत रस्त्यावर तारेचं कुंपण पडलं. त्याशा इकडे, एलिया तिकडे. पोरगी कुंपणाला धरून हमसून हमसून रडली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण मनात म्हटलं, बाई गं, आम्ही पंचेचाळीस वर्षं हेच काढलं, आमच्यासाठी कुणी रडलं नाही. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, “मावशी, सीमा ओलांडतात कशी?”

“जाणकाराला विचार,” मी म्हटलं, आणि समोरच्या बाकावर ऊन खात बसलेल्या भाऊजींकडे बोट दाखवलं.

बघता बघता भाऊजी गुरू झाले! कुठल्या ओढ्यातून वाट आहे, पहारेकरी किती वाजता जेवायला जातात, ओझं कसं धरलं की दिसत नाही. सगळी विद्या त्यांना ठाऊक, कारण ती वापरणाऱ्यांना पकडण्यात उभी हयात गेलेली. पोरांनी गिटारी पार केल्या, बिअर पार केली, शेवटी एलियालाही पार केलं. भाऊजींच्या चेहऱ्यावर तेज आलं. आणि एके दिवशी, मोठेपणाच्या भरात, त्यांनी पोरांना तळघर दाखवलं.

त्याशाने खोकी उघडली आणि मटकन खाली बसली. “काका! हे सगळं तुम्ही वाचवलंत?”

भाऊजी एक क्षण थांबले. मी जिन्यावर होते, मी पाहिलं. मग म्हणाले, “कुणीतरी वाचवायला हवं होतं.”

करून सवरून नामानिराळे ऐकलं होतं. करून सवरून आधारवड मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यानंतर प्रदर्शन ठरलं. ‘आपली एक युरोपीय ओळख’ असं काहीतरी लांबलचक नाव. त्यासाठी युरोपच्या कचेरीत अर्ज, अर्जात म्हणे ‘परदेशी भागीदार कळवा.’ त्याशाने एलियाला कळवला. चौकीपासून तीनशे पावलांवरचा परदेशी. रेकॉर्डी मांडायच्या, ज्यांच्या त्यांना समारंभाने परत करायच्या, आणि दाराशी भाऊजींनी जुनी टोपी घालून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, कळवण्यासारखं काही? भिंतीवर मोठ्या अक्षरांत त्यांची ती खुबी लिहायची. थांबतो तो खरा, घाई करतो तो खोटा.

एप्रिलमध्ये रेकॉर्डी पुसायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकेकीतून चिठ्ठी निघत होती. तारीख, नाव. येल्काच्या रेकॉर्डमधून चिठ्ठी निघाली नाही. घडी घातलेला पूर्ण कागद निघाला, कार्बनची निळी प्रत. येल्का हुमार, अमुक विद्यालय, आक्षेपार्ह वस्तू, आक्षेपार्ह पेहराव, कानात सेफ्टीपिन. कळवणार: सि. ब्रुमात.

सेफ्टीपिनसुद्धा सोडली नव्हती मेल्याने.

मी तशीच कागद घेऊन वर गेले. भाऊजी स्वयंपाकघरात, मीच सकाळी करून ठेवलेलं आंबट कोबी आणि घेवड्याच्या दाण्यांचं सूप पीत होते. मी कागद ताटलीशेजारी ठेवला.

“हे काय, भाऊजी?”

त्यांनी चष्मा पुसला. परत पुसला. “तेव्हा दर महिन्याला वर एक नाव द्यावं लागायचं, साविना.”

“मग?”

“त्या महिन्यात माझ्याकडे दोनच होती. एक ती.” चमचा सुपात फिरत राहिला. “दुसरी तू, चोरून कॉफी आणणारी. तुझं दिलं असतं तर मिल्काने मला घरात घेतलं नसतं.”

उपकार मानू की डोक्यात भांडं घालू? माझी नोकरी राखायला त्यांनी त्या पोरीचं शिक्षण दिलं आणि वर पापाचं बिल माझ्या नावावर फाडलं. गावात मला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. मिल्का गेल्यापासून माझ्याच हातचं खात होते, आणि त्रेचाळीस वर्षं ठाऊक होतं.

“तिला सांगा,” मी म्हटलं. “तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने.”

“सांगतो. समारंभ होऊ दे.” मग त्यांनी कागद उचलला, चुलीचं झाकण सरकवलं आणि आत टाकला. जन्मात पहिला कागद जाळला असेल त्यांनी. माझ्याकडे पाहून, अगदी बारीक आवाजात म्हणाले, “तू कळवू नकोस हं तिला.”

घरी येऊन मी रात्रंदिवस तोच विचार केला. जाऊन सांगावं? पुरावा तर राख झाला. आणि सांगितलं म्हणजे काय केलं असतं? दुसऱ्याचं गुपित तिसऱ्याला कळवलं. ज्या नावाने मला गावाने जाळलं, ते नाव स्वतःच्या हाताने खरं करायचं! नाही बाई. मी दात ओठ खाल्ले आणि मेची वाट पाहिली.

समारंभाच्या दुपारी रस्ता माणसांनी फुलला होता. कचेरीतल्या बाईंनी भाषण केलं की इथे सीमा नव्हे, हृदयं भेटतात. मानपत्र दिलं. मग चौकीच्या दाराशी रांग लागली. भाऊजी टोपी घालून उभे. पंच्याहत्तरीतही टोपी चांगली बसत होती. एकेक जण येई, “कळवण्यासारखं काही?” कुणी म्हणे, दोन नातवंडं. कुणी म्हणे, गुडघेदुखी. हशा, टाळ्या. पिकल्या केसांची जुनी पंक पोरं आपापली रेकॉर्ड छातीशी धरून बाहेर पडत होती. मी समोर दुकानाच्या दारात टेबल मांडून हॅम वाढत होते.

येल्का आली. साठीची, आखूड करडे केस, साधा कोट. रांगेत शेवटपर्यंत उभी राहिली.

“कळवण्यासारखं काही?” भाऊजींचा आवाज जरा घसरला.

येल्का थांबली. खरंच विचार करत होती. “नाही,” म्हणाली, “माझ्याकडे काही नाही.”

भाऊजींनी रेकॉर्ड पुढे केली. तिने घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, आत हात घातला. इतरांच्या रेकॉर्डीत चिठ्ठी होती, तिच्यात नव्हती. तिने भिंतीवरची ती मोठी अक्षरं वाचली. मग भाऊजींकडे वळून म्हणाली, “सिल्वानभाऊ, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मी काही लिहीत नाही. आता इतकी वर्षं झाली. तुम्हाला मला काही कळवाय—”

“काही नाही!” भाऊजी म्हणाले.

लोक खो खो हसले. त्याशाने शिट्टी मारली. काकांनी काय झकास नक्कल केली, असंच वाटलं सगळ्यांना. भाऊजींनीही हसायचा प्रयत्न केला. टोपीखालून घामाची एक धार निघाली होती.

येल्का हसली नाही. रेकॉर्ड काखेत मारली, वळली, आणि रस्ता ओलांडला. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूला. टेबलाला वळसा घालून सरळ आत गेली आणि खिडकीजवळ बसली. माझ्या हातातला चिमटा कुठे पडला मला माहीत नाही. मी आत गेले, कॉफी केली, समोर ठेवली. ठेवताना अर्धी बशीत सांडली.

“तुला माहीत होतं?” तिने विचारलं.

“महिन्याभरापासून. कागद सापडला होता.”

“महिनाभर! मग धावत येऊन सांगितलं का नाहीस, सावी?”

सावी म्हणाली ती. मी समोरची खुर्ची ओढून बसले. मग म्हटलं, “मी कुणाचं काही कळवत नाही, येल्का. तेव्हाही नव्हतं कळवलं.”

तिने बशीतली कॉफी कपात ओतली आणि हात पुढे केला. हातमोजे नव्हते.